तीन तास पुढे

पोरगी म्हणाली, पापा, थोडी जागा करून घेते.
मला वाटलं, टेबलावर.
मी किटली उचलली, पावाची टोपली सरकवली.
तिने मान हलवली. टेबलावर नाही, याच्यात.

याच्यात, म्हणजे माझ्या लॅपटॉपमध्ये,
जिथे सतरा हिवाळ्यांचे खेकडे आहेत,
तारीखवार, किलोवार,
कुठल्या खाडीत किती सापळे,
कोणाकडून किती येणं.
त्यातली दोन नावं आता समुद्राच्या तळाशी आहेत.
येणं मी खोडलेलं नाही.

यास्नाला पाण्याचा अभ्यास करायचाय,
आपल्या सामुद्रधुनीत ते कसं वळतं त्याचा.
म्हटलं, मग मला विचार.
म्हणाली, आकड्यांत हवंय, पापा,
आणि ते आकडे विंडोजवर चालत नाहीत, त्यांना लिनक्स लागतं.
नव्या लॅपटॉपचे पैसे इंजिनात गेले
हे ती बोलली नाही.

आधी माझं सगळं तिने पेनड्राइव्हवर उतरवलं
आणि साखरेच्या डब्यात ठेवायला माझ्याच हातात दिलं.
मग पडद्यावर एक लांब निळी पट्टी.
तिचं टोक ती हळूहळू मागे ढकलत गेली.
एवढं तुमचं. एवढं माझं. चालेल?
आमच्या बापाच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा
तीन वर्षं कोर्ट चाललं,
आणि पलीकडच्या मेंढ्या कोणाच्या हे अजून ठरायचंय.
इथे नुसती एक रेघ,
आणि बत्तीस मिनिटं.
चार्जरची पिन सैल आहे.
बत्तीस मिनिटं मी ती धरून बसलो.
बाहेर वारा पत्रे मोजत होता.

आता सुरू केलं की काळा पडदा येतो,
पांढरी अक्षरं, दोन नावं,
वर तिचं, खाली माझं.
दहा सेकंदांत बाण खाली नेला नाही
तर मशीन तिचं.

पहिल्या आठवड्यात कुरबुर झाली.
तिच्या बाजूने माझ्या वह्या वाचता यायच्या,
त्यांत लिहिता यायचं नाही.
तुमचा विंडोज नीट झोपतच नाही, ती म्हणाली,
एक डोळा उघडा ठेवून पडतो.
घरात कोणाला तरी पडावं लागतं तसं, मी म्हणालो.
तिने कुठेतरी एक खूण काढली
आणि त्याला पुरतं झोपायला शिकवलं.

मग तो गुरुवार.
जाग आली, भरतीचा तक्ता बघायला झाकण उघडलं.
पाच वाजून दहा.
बूट, टोपी, दोराचं वेटोळं, धावतच निघालो.
पुंता अरेनासला जूनमध्ये सूर्य दहाला येतो,
त्यामुळे अंधाराला वेळ विचारण्यात अर्थ नसतो.
धक्क्यावर कोणी नाही.
राखणदार बाल्दोविनो शेगडीपाशी होता,
म्हणाला, डॉन निबाल्दो, दोन वाजलेत.
मग आम्ही दोघं बसलो,
बोलण्यासारखं काही नव्हतं, ते बोललो.

परत आलो तर स्वयंपाकघरात दिवा.
झाकण मी उघडंच टाकून गेलो होतो,
यास्ना त्यावर तिच्या बाजूने बसलेली.
पडदाभर बाण, हजारो, बारीक, सगळे सरकणारे.
सामुद्रधुनी.
मी ती सत्तेचाळीस वर्षं वरून पाहिली होती.
एका खडकामागे बाण स्वतःभोवती फिरत होते.
ती दोन नावं तिथेच गेली.
मी बोट ठेवलं.
म्हटलं, ओहोटीत हे आधी वळतं, इथून.
तिने किती आधी ते विचारलं,
आणि लिहून घेतलं.

नंतर घड्याळाचं सांगितलं.
आत घड्याळ एकच, पण एक त्यात जगाची वेळ ठेवतो,
दुसरा तीच आपली समजून वाचतो.
म्हणून तीन तास पुढे.
तिने एक ओळ टाइप केली, झालं.
पोरी, हे आधी सांगायचंस, मी म्हणालो.
बूट काढा पापा, ती म्हणाली.

आता दोन्हीकडे सारखेच वाजतात.
पण कधी कधी त्या काळ्या पडद्यापाशी
मी हात मांडीवर ठेवतो,
सात, सहा, पाच,
आणि बाण खाली नेत नाही.