आईचे शिक्षण

फॉर्मवर एक रकाना होता : आईचे शिक्षण.
आई चुलीपुढे बसून
लोकरीच्या मोज्यांतलं पाणी पिळत होती.
"चौथी," ती म्हणाली, "तीही पावसाचे दिवस सोडून."
आमच्या चिलोए बेटावर पावसाचे दिवस सोडले
तर उरतात किती, विचारू नका.

शिंपल्यांच्या कारखान्यात ती पहाटे पाचपासून उभी.
पट्टा सरकतो, सुरी चालते, पैसे किलोवर.
डाव्या तर्जनीचं टोक तिने तिथेच कुठेतरी सोडलंय.
गेलं असेल कुणाच्या तरी ताटात, असा विनोद करते,
आणि आम्ही हसत नाही हे पाहून
स्वतःच हसते.

एलियासेर मामा म्हणाला,
वाल्दिव्हियाला जाऊन पोरगी काय दिवे लावणार?
पट्ट्यावर एक जागा रिकामी आहे.
दोन पगार म्हणजे छताला नवा पत्रा.
त्याचं खरंच होतं. छत गळत होतं.
अजूनही गळतं, लपवत नाही.

आधी फेरीबोट, मग बस, मांडीवर बटाट्यांचं पोतं.
होस्टेलात मला एक टेबल मिळालं
ज्यावर दुसरं कुणी मासे साफ करत नव्हतं.
पहिल्याच सहामाहीत रसायनशास्त्रात नापास झाले.
रात्रभर जागी, बोटं चाचपत :
दहाच्या दहा जागेवर.
सकाळी बाई म्हणाल्या, ऑगस्टमध्ये पुन्हा बस.

पुन्हा बस!
हे दोन शब्द आमच्या घरात कुणी उच्चारले नव्हते.
जाळं फाटलं की मासा गेला,
सुरी घसरली की बोट.
आणि इथे चुकलं तर
नुसता एक आकडा लाल होतो,
तोही पुसता येतो.
श्रीमंती म्हणजे काय, मला त्या दिवशी कळलं.
पत्र्याशी तिचा फारसा संबंध नव्हता.

दुसऱ्या वर्षी वनस्पतिशास्त्राच्या तासाला
पडद्यावर एक बटाटा आला,
खाली लांबलचक लॅटिन नाव.
सर म्हणाले, दक्षिणेच्या बेटांवर याचे कितीक वाण,
नोंदी मात्र अपुऱ्या.
माझा हात आपोआप वर गेला.
"सर, माझ्या पलंगाखाली आहेत. अर्धं पोतं."

हिवाळ्याच्या सुट्टीत वही उघडून बसले. आई, सांग.
"त्यात काय सांगायचं? बटाटे ते बटाटे,"
असं म्हणून ती तीन तास बोलली.
हा डुकराचं नाक, निखाऱ्यातच भाजायचा.
हा पाद्रीबुवाची बाही, आतून जांभळा.
ही रुसलेली, उकडताना फुटते, हिला मंद आच.
एक नाव जुन्या विलिचे भाषेतलं,
अर्थ तिच्या आजीलाही ठाऊक नव्हता,
नुसता उच्चार राखून ठेवलेला,
बियाण्यासारखा.
मामा दाराशी येऊन उभा राहिला होता.
"बेवारस विसरलीस," तो म्हणाला,
आणि मग तोही बसला.
चूल विझली. सतरा नावं झाली.

विभागाच्या नोंदवहीत आता लिहिलंय :
माहिती सांगणार, एर्मेलिंदा नाव्हेलकीन.
आईने तो कागद खिडकीपाशी नेऊन पाहिला.
"स्पेलिंग बरोबर आहे," एवढंच म्हणाली,
पण दुसऱ्या दिवशी कारखान्यात
कागद तिच्या एप्रनच्या खिशात होता,
खारट पाण्याने कोपरा विरघळून आला.

कॉलेजने काय दिलं, विचारतात लोक.
पगार नाही अजून.
कर्ज आहे थोडं.
आई मला फोनवर हल्ली
जेवलीस का, याच्या आधी
काय शिकलीस, विचारते.
आणि मी सांगते तेव्हा मध्येच तोडून म्हणते,
नाही, असं नसतं ते.

यंदा नेफ्तालीचा फॉर्म.
आता सगळं संगणकावर. तोच रकाना,
फक्त लिहायचं नाही, यादीतून निवडायचं.
आई त्याच्या खांद्यावरून वाकली.
"सतरा बटाटे आहे का त्यात?"
नेफ्ताली यादी खालपर्यंत पाहून आला, पुन्हा वर गेला.
नव्हतं.

"मग चौथीच टाक," ती म्हणाली,
चष्मा शोधत, ओले हात पुसत,
"आणि ताईची ती वही काढ.
एक राहिलाय."