खजिनदाराचं टिपण

अध्यक्ष म्हणाले, अहवाल दोन पानांत आवरा.
मी जन्मभर सोसायटीचा कॅशियर,
दोन पानांत आवरणं मला जमतं.
पण यंदा एक रक्कम कुठल्याच खात्यात बसेना,
म्हणून हे वेगळं.

जमा: देणग्या, चाळीस हजार सातशे.
शिवाय नंदगडच्या एका बाईंनी पेटीत टाकलेली कुडी.
एकच.
दुसरी कुठंय, आम्ही विचारलं नाही.

खर्च: चव्हाट गल्लीत तेलाच्या घाण्यावरची खोली.
सतरंजीला शेंगतेलाचा वास,
मुलं म्हणतात, तार सप्तकात भूक लागते.

आर्गनचा भाता जानेवारीत फाटला.
दस्तगीर मेस्त्री आले,
बकऱ्याचं कातडं, सरस, तीन संध्याकाळी.
मजुरी विचारली तर म्हणाले,
"लिवा की ओ कायतरी. खरं पहिला सूर मी दाबणार."
दाबला. काळी दोन.
मग कान देऊन बसले,
दुसऱ्याच्या दाराची कडी वाजवून थांबावं तसे.

ऑडिटरची पेन्सिल एका ओळीवर अडली:
आवाज, रुपये दोनशे चाळीस. हे काय?
ज्येष्ठमध, लवंग, खडीसाखर, साहेब.
कमलाक्षीबाईंचा घसा अडुसष्ट वर्षांचा आहे,
आणि मानधन त्या घेत नाहीत.

शिवलीला तळवार, वय पंधरा, फी माफ.
घरी कानडी, शाळेत कानडी, पदं मराठी.
वही कानडी अक्षरांत.
चंदनाचा च आणि चांदण्याचा च
तिथं एकच,
म्हणून चांदण्याखाली ती एक टिंब देते.
आणि आमच्या लिपीत नसलेला आखूड ए
तिच्याकडे आहे.
बाईंनी चष्मा पुसून वही पाहिली.
"कुठं किती थांबायचं, हे तू लिहून ठेवलंस होय?
आम्हाला हे मार खाऊन कळलं."

फाल्गुनात प्रयोग, वडगावात, मांडव घालून.
दुसऱ्या अंकात लाइट गेली.
माइक गेला, पंखे गेले,
आणि गल्लीगल्लीतले माग थांबले.
पन्नास वर्षं मी या गावात,
मागांची खटखट मला ऐकूच येत नव्हती,
थांबली तेव्हा आली.
त्या मोकळ्या जागेत ती गायली.
विणकर बाहेर आले, दंडांवर सुताची लव,
कुणी उंबऱ्यावर, कुणी बंद रिक्षाच्या टपाला टेकून.
मला सूर कळत नाही.
खजिनदार नेमलं ते याच गुणावर.
एवढंच सांगतो, दस्तगीर मेस्त्री गाणं ऐकत नव्हते,
ओणवे होऊन टॉर्चच्या उजेडात
भात्याची शिवण बघत होते.
टिकली.

लाइट आली तेव्हा पद चालूच होतं.
माग सुरू करायला कुणी गेलं नाही,
सात मिनिटं. घड्याळ पाहिलं, सवय.
सात मिनिटं, गल्लीत शंभरेक माग,
साडीमागची मजुरी धरून मी आकडा काढला.
तो कुठं टाकू?
देणगी म्हणू तर पावती कुणाच्या नावे फाडू?
कर्ज म्हणू तर फेडू कसं?

तूट: तेराशे बारा. ती मी भरलीय,
त्यावर चर्चा नको.

नवं पावतीपुस्तक छापायला टाकलंय, दोन्ही लिप्यांत.
कानडी पत्ता शिवलीलानं लिहून दिला.
प्रेसवाल्याचा फोन आला,
"सर, चव्हाटच्या च खाली टिंब पडलंय,
काढू काय ओ?"

म्हटलं, असू दे.