पडलेल्या फळांचा कायदा

दिवसभर सेबूच्या कोर्टात
मी इतरांचं बोलणं टिपत असते.
कुणी हुंदका दिला तर कंसात: साक्षीदार रडते.
माझं म्हणून एक अक्षर नाही.

साडेपाचला जीपनी.
मांडीवर मालमत्तेचा कायदा, त्यात खूण म्हणून
इनेसच्या दातांच्या डॉक्टरची पावती.
नवरा बोटीवर. त्याचा फोन येतो तेव्हा मी वर्गात,
मी मोकळी होते तेव्हा तो इंजिनाशी.

बाकाल्सो सर नावांचे पत्ते पिसतात
जुगाऱ्यासारखे. आज माझा निघाला.
"मिसेस आबेयानोसा, शेजाऱ्याची फांदी
तुमच्या अंगणात आली. तोडाल?"
उठले. पाय सुजलेले.
फांदीसाठी त्याला सांगावं लागतं, सर.
मुळं घुसली, तर ती आपली आपण तोडता येतात.
"आणि आंबे?"
आपसूक पडले, तर ज्याच्या जमिनीत पडले त्याचे.
सरांनी पुढचा पत्ता उचलला.

घरी पोचले तर साडेनऊ वाजून गेलेले.
सासूबाईंनी भात झाकून ठेवलेला,
इनेस गृहपाठावरच झोपलेली,
उशाशी दोन आंबे, नॉय टिबोरच्या झाडाचे.
सकाळी विचारायला हवं,
पडले होते, की फांदी हलवलीस?

बहुतेक नाहीच विचारणार.
एक कापला, ओट्यापाशी उभ्यानंच.
बाठ चोखताना ध्यानात आलं,
आज चार वाक्यं माझ्या तोंडची होती
आणि टिपायला कुणी नव्हतं.

कंसात: साक्षीदार आंबा खाते.