जोड

आईची हिरडी सरकत होती
ते आधी गार पाण्याला कळलं.
माठातला पहिला घोट घेतला की
डोळे मिटून थांबायची,
मागून कुणी हाक मारल्यासारखी.

मग चुलतबहिणीच्या हळदीत हसली कधी नव्हे ती,
आणि फोटोत दिसलं:
खालचे पुढचे दोन दात अचानक उंच,
मुळं उघडी, पिवळट,
पिशवीतली माती खचल्यावर
खुंटाची दिसतात तशी.

गुडाखू. वीस वर्षं, दोन्ही वेळा, तर्जनीनं.
"दात मजबूत राह्यते," म्हणायची.
राहिलेच दात मजबूत.
त्यांच्या पायाखालचं गेलं.

वरुडला खेरडे मॅडमनी आरसा हातात दिला.
टाळूची पातळ पट्टी काढू,
इथं बसवू, टाके घालू,
जुनी हिरडी वर येत नाही, नवी लावावी लागते.
मी आठ हजारांची जुळवाजुळव करत होते मनात.
आई खुर्चीत पुढे सरकली.
"म्हंजे कलम?"
मॅडम थांबल्या. "हो काकू. कलमच."
"मंग तसं सांग ना, बाई.
इतका वेळ इंग्रजी कायले झाडली?"

शेंदुरजनाघाटच्या नर्सरीत
पंचफुलाबाई म्हटलं की कुणीही बोट दाखवेल.
पंचवीस हिवाळे ती डोळे बांधते.
पुढं गडी जंभेरीच्या खुंटावर काप घेतो,
संत्र्याचा डोळा सालीआड सरकवतो,
मागून ही, उकिडवी,
प्लॅस्टिकची पट्टी खालून वर गुंडाळत,
दिवसाला आठशे.
सैल राहिली तर डोळा वाळतो,
आवळली तर गुदमरतो.
किती ते तिच्या अंगठ्याला माहीत,
तोंडानं सांगता येत नाही तिला.

म्हणून तिनं मॅडमची तोंडी परीक्षाच घेतली.
काप ओला असतानाच लावता ना?
खुंटात जीव हाय का माह्या?
आन् जिथून डोया काढला तिथं काय, भोकच राह्यते?
मॅडमनी सगळी उत्तरं दिली, हात मागे बांधून.

मग चाळीस मिनिटं ती बोलली नाही.
माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.
दिव्याखाली, चिमट्यात, फिकट गुलाबी काहीतरी,
फोडीवरच्या पापुद्र्याएवढं.
मी मान फिरवली.
तर खुर्चीच्या दांड्यावर तिचा अंगठा
हळूहळू फिरत होता,
खालून वर, खालून वर.

गार वरण-भात, कालवून पातळ केलेला.
ओठ ओढून पाहायचं नाही.
गुडाखू तर नाहीच, कधीच नाही.
नर्सरीत हीच ओरडायची नव्या पोरींवर,
"डोया पाहाले पट्टी सोडली का मेला तो!"
आणि चौथ्या दिवशी मोरीतल्या आरशासमोर
ओठावर बोट ठेवून उभी.
"आई."
"पाहून नाई राह्यली मी. बोट ठेवलं नुसतं."

बाराव्या दिवशी टाके निघाले.
लावलेली जागा आजूबाजूपेक्षा फिकी,
मॅडम म्हणाल्या, थोडी तशीच राहील.
आईला त्याचं काही वाटलं नाही.
झाड म्हातारं झालं तरी
बुंध्यावर जोड दिसतोच, म्हणाली,
आणि पिशवीतून मॅडमसाठी आणलेली
आंबिया बहाराची सहा संत्री काढली,
त्यातलं एक बदललं.

आता दुपारच्या सुट्टीत
बाया तिच्याभोवती जमतात.
ती मातीचा अंगठा पदराला पुसून
ओठ खाली ओढते.
"बांधनं सैल हाय मॅडमचं जराक.
पन जगला."

माठातला घोट घेताना अजून थांबते, सवयीनं.
मग पुढचा घेते.

गुडाखूची डबी तिनं फेकली नाही.
सुया ठेवल्यात म्हणते तिच्यात.
मी उघडून पाहिली नाही.
रात्री ती झोपली की
हळूच तिच्या तर्जनीचा वास घेते.
बहुतेक वेळा साबणाचा असतो.