आईनं घोडीला हरवलं ते साल

हेटी, वही मिट जरा.
सुरुवात कुठून झाली म्हणून विचारतेस,
गाण्याला काय जन्मदाखला असतो?
आमच्या वेल्समधले पाद्री म्हणत, ती मेरीमातेची घोडी,
गोठ्यातून हाकललेली, आसरा शोधत हिंडणारी.
मास्तर म्हणत, छे, चर्चला दगड लागला त्याच्याही आधीची.
माझ्या बापाला विचारलंस तर
परसात, कांद्याच्या वाफ्याखाली.
तिथं चुन्यात पुरलेली असायची वर्षभर.
नाताळ आला की कुदळीनं उकरायचा तो:
घोडीची कवटी,
डोळ्यांच्या खाचांत हिरव्या बाटल्यांची बुडं,
जबड्याला दोरी, वर आईची एकुलती पांढरी चादर.
मारी लुइड.

रात्री दारोदार सवाल-जवाब.
बाहेरच्यांनी गाऊन मागायचं,
आतल्यांनी गाऊनच नाकारायचं.
पाय गोठले, दार उघडा.
   गोठलेत तर नाचा.
तुमची बिअर पाण्यासारखी!
   तुमचा सूर तिच्याहून पातळ.
असं यमकाला यमक, तासभर,
आणि शेवटी घरानं हरायचं.
हरायचंच असतं, हेटी.
हरलं की कडी निघते, घोडी आत शिरते,
पोरींच्या वेण्या चावते, केक खाते,
आणि वर्ष बरं जातं.

खाण सात महिने बंद होती, त्या साली
आई हरेना.
मी कोळशाच्या रिकाम्या बादलीवर बसून ऐकत होते.
दहावा जवाब. पंधरावा.
एवढी यमकं तिच्याकडे होती
हे मला तोवर माहीत नव्हतं.
बाहेर लोहार एम्रिस चिडला, मग हसला, मग पुन्हा चिडला.
बापाला सगळं ठाऊक होतं,
पण कवटीखालच्या माणसानं बोलायचं नसतं.
नुसता जबडा वाजत होता, हळू,
थंडीनं वाजावेत तसे दात.

मग एम्रिस एका कडव्याच्या मधेच थांबला.
पुढची ओळ त्याला येत होती. सगळ्या खोऱ्याला येत होती.
तरी त्यानं यमक चुकवलं.
घोडीनं मान खाली घातली आणि वळली.
सकाळी उंबऱ्यावर एक पाव, चीजचा तुकडा,
फावडंभर कोळसा.
कुणी ठेवलं, ते कुणी बोललं नाही.
आई त्या दिवशी दिवसभर गुणगुणत होती, रागानं.

इकडे सॉमरसेटला लग्न होऊन आले,
तर ही माणसं जानेवारीच्या सतरा तारखेला
चक्क झाडांना गात होती!
सरकारनं कधीकाळी पंचांगातले अकरा दिवस कापले,
यांनी ते सफरचंदांपुरते राखून ठेवलेत.
मुळांवर सिडर ओतायची,
भिजला पाव फांदीला टांगायचा रॉबिनसाठी,
बंदुकीचे बार काढायचे.
भांडण नाही, उंबरा नाही, आत कुणी नाही.
मी एझ्राला विचारलं, झाड जवाब कधी देतं?
म्हणाला, सप्टेंबरात.

तो गेल्यापासून कोपऱ्यातलं जुनं झाड फळलेलं नाही.
थोरला म्हणतो, तोडू.
या सतराला सगळे घरी परतल्यावर
मी कंदील घेऊन एकटी गेले.
सवाल टाकला, माझ्या भाषेत, बापाच्या चालीत.
झाड गप्प.
दुसरा टाकला. तिसरा.
बराच वेळ उभी होते गं, गुडघे दुखेस्तोवर.
मग वाटलं,
याच्याही घरात काही नसेल.

चौथ्याला मी यमक चुकवलं
आणि बुंध्याशी पाव ठेवून
मागं न बघता आले.