पोटखराबा

वर्षातून एकदा, शनिवारी,
कारखान्यात घरच्यांना आत सोडतात.
कूमब्रानच्या डोंगरावरून ढग थेट पार्किंगमध्ये उतरलेले,
आणि बाबा, निवृत्त भूकरमापक, तालुका दिग्रस,
गळ्यात पाहुण्याचा बिल्ला, खिशात स्वतःची टेप.

मंगळवारी ते एकेचाळीस-ई वरून उठून आले होते.
चहाआधीच अहवाल दिला:
रुंदी दोन वीत.
समोरच्या पाठीपर्यंत साडेतीन.
दोन्हीकडून बांध कोरलेला.
डावीकडचा झोपेत कोरत होता, त्याला माफ.
उजवीकडचा जागा होता.

आणि इथे दिव्याखाली, आम्ही बनवतो तो बिछाना.
चामडं डिलिसने शिवलेलं, इंचाला सात टाके.
ती बाबांचा हात धरून शिवणीवरून फिरवते,
"बसा ना," म्हणते.
बाबा बसत नाहीत. टेप काढतात.

किती?
मी आकडा सांगते.
ही नुसती खुर्ची, बाबा. तिकीट वेगळं.
तेही सांगते.
टेप आपोआप गुंडाळली जाते, सर्रकन.

मग मी समजावते, बापाला नव्हे, गिऱ्हाइकाला समजावावं तसं:
हा एक जण आडवा होतो तेव्हा
पाच जणांची बसायची जागा जाते.
आधी त्या पाच न बसलेल्यांचं भाडं.
मग मोटारी, मग लाकडासारखं दिसणारं पण न पेटणारं ते काहीतरी,
मग वजन, जे प्रत्येक उड्डाणात इंधन पितं.
बिछाना रिकामाच गेला तर?
त्या भीतीचेही पैसे.
आणि झोपणारा बऱ्याचदा स्वतः देतच नाही,
त्याची कंपनी देते.
कंपनीला गुडघे नसतात.

बाबा हे सगळं ऐकून घेतात.
"म्हणजे तो पडदा हा कालवा.
पुढे बागायत, मागे जिरायत.
माती तीच."
उंचीही तीच, मी म्हणते.
"आणि मधली चालायची वाट कुणाच्या नावावर?"
कुणाच्याच नाही.
"पोटखराबा," ते वहीत लिहितात. "आकारणी शून्य."

एक गोष्ट मी त्यांना सांगत नाही.
ह्यू एकदा जेवताना म्हणाला होता, सँडविचच्या कडा काढत,
मागची गादी दोन बोटं जाड करता येते, सहज,
पण मग पुढे कोण जाईल?

चाचणीच्या खोलीत बाहुला बसलाय.
सत्त्याहत्तर किलो. नाकडोळे नाहीत.
सोमवारी तो पुढच्या खुर्चीत, गुरुवारी मागच्या.
पट्टा लावतात, गाडी सोडतात,
आणि गाडी थांबते तेव्हा तो सोळा माणसांइतका जड होतो.
डोक्याला किती मार चालेल
त्याची रेघ दोन्ही दिवशी एकच.
बाबा त्याच्या खांद्यावर हात ठेवतात,
उन्हात दिवसभर साखळी धरून उभ्या राहिलेल्या
कोतवालाच्या ठेवावा तसा.

शेवटी आडवे होतात. डिलिसच्या आग्रहाखातर.
बूट काढून, मोजे बुटात खोचून.
ती बटण दाबते, पाठ उतरत जाते,
पायाखालचं वर येतं, आणखी येतं.
अंथरूण पाहून पाय पसरावेत:
पाटीवर त्यांनीच गिरवून घेतली होती ही म्हण माझ्याकडून.
अंथरूण पुढे अजून हातभर उरलंय.
बाबांचे पाय गुडघ्यात मुडपलेले, तसेच.

परतीच्या आदल्या रात्री विमानवाल्यांचा निरोप:
बोली लावा, पुढे या.
मी सहा आठवड्यांचा पगार लिहिला.
खोडला.
तीन आठवड्यांचा लिहिला. खोडला.
वरच्या खोलीत बाबा बॅगेचं वजन करत होते,
एकदा बॅगेसकट, एकदा बॅगेशिवाय,
आणि वजाबाकी मोठ्यानं.

बुधवारी फोन वाजला. त्यांचा मेसेज, पूर्णविरामांसह:
पोचलो. बेचाळीस-बी.
शेजारी केरळच्या नर्सबाई, रात्रपाळी करून आलेल्या.
मधला बांध त्यांनी आपणहून सोडला.
मी अर्धा परत केला.
हद्द कायम.