काचेचा कापूस

आधी गावंडे मास्तरांनीच सांगितलं,
"भाऊ, तुमची गाडी तिकडं पुलावर येते
अन् आमचं लेकरू इकडं दचकते."
मला तर काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं.
सोळा वर्षं जिनिंगच्या काट्यावर उभा राहिल्यावर
कान उरतात ते चष्म्याच्या दांड्या अडकवायला.

वाकून पाहिलं. सायलेन्सरच्या पोटाला
रुपयाएवढं भोक, कडेनं पोपडे,
बोट लावलं की गळणारे.
आमच्या पाण्याचा गुण. खारपाणपट्टा.
बोअरच्या पाण्यानं जे जे धुवावं त्याला मीठ लागतं,
बादलीच्या कडीला, दाराच्या कोयंड्याला,
वनमालाच्या पैंजणाच्या फाशालासुद्धा.

दर्यापूरचा मेकॅनिक म्हणाला, नवा बसवा, साडेतीन हजार.
मी म्हटलं, पाहतो.
पाहतो म्हणजे नाही, हे त्यालाही कळलं.

रविवारी अंगणात जॅक लावला,
पुढच्या चाकांना पाटा आणि उखळीचा अडसर.
बोल्टांना रात्रीच रॉकेल पाजलं होतं.
तीन निघाले. चौथा तुटला,
आणि खरं सांगतो, तुटल्याचं बरं वाटलं.

ब्लेडनं पोट कापलं तर आत
गोवरीच्या राखेसारखी जुनी भरण,
धूर खाऊन खाऊन बसलेली.
नवं ग्लासवूल अमरावतीहून आणलेलं: पिवळं, मऊ.
पोरगी म्हणाली, "कूलरच्या ताटीतला भुसा भरा ना, फुकटात."
"जळंल थो."
"अन् हे?"
"हे काच हाय."
"काचेचा कापूस!" ती हसली, बोट लावलं,
आणि अर्धा दिवस खाजवत बसली.

मला ते भरता येईना.
नळीभोवती गुंडाळलं की एका अंगाला फुगायचं.
कापूस मी जन्मभर फक्त तोलला,
हाताला त्याची ओळखच नाही.

मुनाफचाचा कुंपणापलीकडून पाहत होते.
फोमच्या गाद्या आल्या तेव्हापासून
त्यांची धनुकली खुंटीला आहे.
आले. लुंगी खोचली. हातांत दुधाच्या पिशव्या चढवल्या.
"गच्च कोंबलं तं दम कोंडते," म्हणाले,
"अन् पोकळ ठेवलं तं एका कोपऱ्यात जाऊन बसते.
गादी असो का हे... काय म्हणता याले?"
"सायलेन्सर."
"म्हंजे?"
"चूप करणारा."
"असं," म्हणाले, आणि स्वतःच चूप झाले.

थर चिमटीनं उकलला, नळीवर फिरवला,
चार चार बोटांवर तार बांधली,
गादीला टाके घालतात तशी.
तळहातानं दाबलं, जरासं परत काढलं.
ओठांतल्या ओठांत काहीतरी वाजत होतं,
तुंईऽ तुंईऽ, तातीचा आवाज.
त्यांना ते माहीत नसावं.

वरून जुन्या कूलरचा पत्रा, रिबिटा,
सांध्यांना ओल्या सिमेंटसारखी पेस्ट.
रात्रभर वाळू दिली.
सकाळी गाडी नुसती उभ्या उभ्या चालू ठेवली.
धूर आला, वास आला, मग वास गेला.
गावंडे मास्तर बाहेर आले, काही न बोलता आत गेले.

सोमवारी रात्री दहाला घरी पोचलो.
दारात कुणी नाही. कुत्रंही उठलं नाही.
तेव्हा कळलं की पुलावरचा तो आवाज ऐकून
वनमाला तवा ठेवायची. इतकी वर्षं.
आत ती शिट्टी वाजवत होती.
सुरात, खालून वर, वरून सावकाश खाली,
एखादी गोष्ट रोज करणाऱ्या माणसासारखी.
लग्नाला अठरा वर्षं झाली. तिला शिट्टी येते?

किती वेळ उभा होतो, सांगत नाही.
मग पावलं न वाजवता गाडीपाशी परत गेलो
आणि दार जोरात आपटलं.

शिट्टी थांबली.
तवा वाजला.